लायब्ररीतल्या कामाचा नकाशा आणि जबाबदाऱ्यांची वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न ग्रंथपाल, देवघेव काउंटरवरची मंडळी, नुकतेच रुजू झालेले लायब्ररी असिस्टंट अशा सगळ्यांनाच पडतात. काही उत्तरं लांबलीयत कारण तिथे खरोखर गुंता आहे, जिथे दोन ओळींत भागतं तिथे दोनच ओळी लिहिल्यात.

वर्कफ्लो मॅपिंग म्हणजे नक्की काय करायचं असतं?

एखादं काम कुठे सुरू होतं, कुणाकुणाच्या हातातून जातं, मध्ये कुठे निर्णय घ्यावा लागतो, कुठे पडून राहतं आणि ते संपलं असं कधी म्हणायचं, हे सगळं कागदावर चित्रासारखं मांडायचं. कल्पना जुनी आहे, फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ यांनी १९२१ मध्येच अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्ट मांडले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर कारखाने होते, पण पुस्तकाची मागणी आल्यापासून ते शेल्फवर जाईपर्यंतचा प्रवासही टप्प्याटप्प्यानेच होतो ना, म्हणून तीच पद्धत इथेही चालते.

फक्त चित्र काढून थांबू नका. प्रत्येक टप्प्यापुढे हे कोण करणार आणि ते झालं नाही तर उत्तर कोण देणार हे लिहायचं. हा दुसरा भाग बरेच जण सोडून देतात आणि मग नकाशा भिंतीवर छान दिसतो, काम मात्र होतं तसंच चालू राहतं.

आमच्याकडे कुणाचं काय काम ते लिहून ठेवलेलं आहे, मग हे परत कशाला?

त्या कामाच्या यादीत काय असतं बघा, "तालिकीकरण करणे" (म्हणजे पुस्तकाची कॅटलॉग नोंद बनवणे), "देवघेव बघणे", "वरिष्ठ सांगतील ती इतर कामे". त्यातून माणसाचं काम कळतं पण पुस्तकाचा प्रवास कळत नाही. समजा एका वाचकाने एक पुस्तक सुचवलं, ते मागवलं गेलं, आलं, दाखल झालं, कॅटलॉग झालं, शेल्फवरही गेलं, आणि ज्याने सुचवलं होतं त्याला कुणी कळवलंच नाही. यादीप्रमाणे प्रत्येकाने आपलं काम चोख केलंय, कुणालाच बोल लावता येणार नाही, आणि वाचक तिकडे अजून वाट बघतोय. कारण "सुचवणाऱ्याला कळवणे" हे कुणाच्याच यादीत नव्हतं.

लायब्ररीतल्या तक्रारींचा माग काढत गेलात तर बहुतेक वेळा अशा सांध्यापाशी येऊन थांबाल, म्हणजे काम एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं ती जागा. नकाशा काढायचा तो मुख्यतः या सांध्यांसाठी. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असा आहे, आणि माझ्या मते हा सगळा खटाटोप त्या एका नियमासाठी आहे, कर्मचाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी अजिबात नाही. हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना स्पष्ट सांगा.

सुरुवात कुठल्या कामापासून करायची?

सगळी लायब्ररी एकदम काढायला बसू नका, अर्ध्यात सोडून द्याल. एकच काम घ्या आणि ते असं घ्या ज्याच्याबद्दल "ते माझ्याकडे नाही, तिकडे विचारा" हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. बहुतेक ठिकाणी ते नवीन पुस्तकांचं काम असतं, नाहीतर ऑनलाइन जर्नल उघडत नाही ही तक्रार.

कामाची दोन्ही टोकं आधी ठरवून घ्या. नवीन पुस्तकाच्या बाबतीत "कॅटलॉगिंग झालं" हे शेवटचं टोक धरू नका, पुस्तक वाचकाला सापडलं आणि हातात पडलं हे शेवटचं टोक धरा. टोक बदललं की मधले किती टप्पे आपण मोजतच नव्हतो ते लगेच दिसायला लागतं.

नकाशा काढायला कुणाकुणाला बसवायचं?

जे ते काम रोज स्वतःच्या हाताने करतात त्यांना, आणि यात तडजोड नको. नुसते ग्रंथपाल आणि विभागप्रमुख बसले तर जे व्हायला हवं ते कागदावर उतरतं, प्रत्यक्ष जे होतं ते उतरत नाही. शेल्फिंग करणाऱ्या अटेंडंटला माहीत असतं की मोठ्या आकाराची पुस्तकं नेहमीच्या रॅकमध्ये बसत नाहीत म्हणून ती मागच्या रॅकवर ठेवतात, पण कॅटलॉगमध्ये तसं कुठेच लिहिलेलं नसतं आणि वाचक बोधांक (पुस्तकाची शेल्फवरची जागा सांगणारा क्रमांक) हातात घेऊन चुकीच्या रॅकपुढे उभा असतो. ही माहिती फक्त त्या अटेंडंटच्या डोक्यात आहे.

प्रश्न विचारताना "तुम्ही काय करता" असं विचारलं की लोक नियमावलीतलं उत्तर देतात. त्यापेक्षा "मागच्या वेळी फाटकं पुस्तक परत आलं तेव्हा काय केलंत" असं विचारा. उत्तर येईल "बाजूला ठेवलं". मग बाजूला म्हणजे कुठल्या टेबलावर, तिथून कोण उचलतं, बांधणीला पाठवायचं की बाद करायचं हे कोण ठरवतं, तोवर सिस्टिममध्ये ते पुस्तक उपलब्ध दिसतं का, असं एकामागून एक विचारत जा, खरा नकाशा या प्रश्नांतून तयार होतो.

वरिष्ठ समोर बसले की काही जण गप्प होतात, तेव्हा पहिली बैठक वरिष्ठांशिवाय घेतली तरी चालेल. वरिष्ठांनी हे मनाला लावून घेऊ नये.

त्यासाठी खास सॉफ्टवेअर लागतं का?

नाही. सुरुवातीला तर नकोच. मोठा कागद किंवा फळा आणि रंगीत चिकट चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक टप्पा. चिठ्ठी उचलून इकडची तिकडे लावता येते त्यामुळे लोक बिनधास्त बदल सुचवतात, स्क्रीनवर नीटनेटकं चित्र दिसलं की त्याला हात लावायला संकोचतात.

खुणा पण मोजक्याच ठेवा. सुरुवात आणि शेवट लंबगोलात, टप्पा चौकोनात, हो-नाही असा निर्णय असेल तिथे डायमंड, आणि बाण. फ्लोचार्टच्या खुणांसाठी आयएसओ ५८०७ असं १९८५ चं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात बऱ्याच खुणा आहेत पण लायब्ररीचं काम या चारांत आरामात भागतं. कागदावर आडवे पट्टे आखून घ्या, एका भूमिकेला एक पट्टा, म्हणजे खरेदीचा एक, तालिकीकरणाचा एक, काउंटरचा एक, अकाउंट्सचा एक. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की तो सांधा, तिथे लाल टिंब द्या. शेवटी लाल टिंबं कुठे गर्दी करतायत ते बघितलं तरी निम्मं काम झालं.

किती बारीक जायचं?

जिथे माणूस बदलतो, जागा बदलते किंवा निर्णय होतो, तिथे नवा टप्पा. "शिक्का उचलला, शाई लावली" इतकं नको. तो तपशील कामाच्या सूचनापत्रात जाऊ द्या, नकाशात नाही.

छापील पुस्तकाचा प्रवास कसा काढाल, जरा सविस्तर सांगा ना.

मागणीपासून सुरू करू. मागणी एका दाराने येत नाही, कुणी काउंटरवर तोंडी सांगतं, कुणी ईमेल करतं, कुणी सूचना वहीत लिहितं, कुणी यादीच आणून देतं, तर ही सगळी दारं काढा आणि सगळ्या मागण्या एकाच ठिकाणी कुठे जमा होतात ते बघा. जमाच होत नसतील तर पहिली दुरुस्ती तिथेच आहे.

मग आपल्याकडे हे पुस्तक आधीच आहे का ही तपासणी. हे काम सोपं वाटतं म्हणून कुणाच्याही गळ्यात टाकतात, पण नुसता आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) टाकून सापडला नाही म्हणजे पुस्तक नाही असं होत नाही. एकाच पुस्तकाच्या हार्डबाउंड आणि पेपरबॅक प्रतींचे आयएसबीएन वेगवेगळे असतात, शिवाय १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन दहा अंकांऐवजी तेरा अंकी झाला, जुन्या नोंदींत दहा अंकीच पडलेला असू शकतो, आणि फार जुन्या पुस्तकांना तो नसतोच. त्यामुळे लेखक आणि शीर्षकानेही शोधायचं, हे टप्प्याच्या चौकोनातच लिहून ठेवा.

पुढे मंजुरी, मग ऑर्डर, मग पार्सल येतं. पार्सल उघडताना तीन गोष्टी बघायच्या असतात, जे मागवलं तेच आलंय का, बिलात तेच आहे का आणि प्रत चांगली आहे का. पानं उलटी बांधलेली किंवा कोरी सुटलेली प्रत या टप्प्यावर पकडली तर सहज बदलून मिळते, शिक्का मारून दाखल झाल्यावर ती परत करणं फार अवघड जातं. म्हणून "प्रत ठीक आहे का" हा डायमंड दाखल नोंदीच्या आधी यायलाच हवा.

इथून पुस्तक आणि बिल वेगळ्या वाटांनी जातात. बिल अकाउंट्सकडे, पुस्तक दाखल नोंदवहीकडे, जिथे प्रत्येक प्रतीला तिचा दाखल क्रमांक मिळतो. आणि इथे एक निर्णय असतो जो कुणीच घेतलेला नसतो, बिल पास होईपर्यंत पुस्तक अडवून ठेवायचं की दाखल क्रमांक पडला की पुढे सोडायचं. बऱ्याचदा फक्त सवयीने पुस्तकं अडवलेली असतात, विचारलं तर "पहिल्यापासून असंच आहे" असं उत्तर येतं. अकाउंट्सशी बोलून हे एकदा लेखी ठरवून घ्या, एवढ्या एका निर्णयाने पुस्तक कितीतरी लवकर शेल्फवर जाऊ शकतं.

मग वर्गीकरण आणि तालिकीकरण. इथे डायमंड असा, दुसऱ्या लायब्ररीची तयार नोंद मिळते का. झेड ३९.५० या प्रोटोकॉलने दुसऱ्या लायब्ररीच्या कॅटलॉगमधून तयार मार्क नोंद (कॉम्प्युटरला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातली कॅटलॉग नोंद) उतरवता येते, कोहासारख्या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. तयार नोंद मिळाली तर ती तपासून आपल्या पद्धतीप्रमाणे दुरुस्त करायची, नाही मिळाली तर नवीन करायची. ही दोन कामं वेगळी आहेत, पहिलं प्रशिक्षित असिस्टंट व्यवस्थित करू शकतो, दुसऱ्याला अनुभवी तालिकाकार लागतो. पण बहुतेक ठिकाणी सगळं एकाच अनुभवी व्यक्तीकडे रांगेत पडलेलं असतं, सोपी पुस्तकंसुद्धा अवघड पुस्तकांमागे अडकतात. या डायमंडवर दोन वाटा केल्या की रांग झपाट्याने उतरते.

शेवटी बारकोड, स्पाइन लेबल, असेल तर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिप), मग शेल्फ, आणि सुचवणाऱ्याला निरोप. लेबलवरचा बोधांक आणि कॅटलॉगमधला बोधांक एकच आहे ना हे बघणारं कुणीतरी नेमा, ही तपासणी ठेवली नाही तर पुस्तक लायब्ररीत असूनही हरवल्यासारखंच.

नकाशा तर काढला, आता त्यात गडबड कुठे आहे ते कसं ओळखायचं?

प्रत्येक टप्प्याला दोन वेळा लिहा, प्रत्यक्ष हात लागतो तो वेळ आणि नुसतं पडून राहतं तो वेळ. पुस्तकावर प्रत्यक्ष काम होतं ते काही तासांचं असतं, बाकी सगळा काळ ते कुठल्या तरी टेबलावर थांबलेलं असतं. लोकांना भरभर काम करायला सांगून काही उपयोग नाही, थांबा कुठे आहे ते शोधा.

थांबा मोजायला एक सोपा हिशोब आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचं सूत्र सिद्ध केलं, रांगेत सरासरी जेवढे नग असतात ते म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा काळ. म्हणजे समजा तालिकीकरणाच्या कपाटात साधारण २०० पुस्तकं पडलेली असतात आणि आठवड्याला ४० नवीन येतात, तेवढीच बाहेरही जातात, तर एक पुस्तक तिथे सरासरी ५ आठवडे थांबतंय. एवढ्यासाठी महिनाभर नोंदी ठेवायला नको, कपाटातली पुस्तकं मोजा आणि आठवड्याचा आकडा घ्या, अंदाज येतो.

आणखी दोन खुणा आहेत. एक म्हणजे तीच माहिती दोनदा भरली जाते ती जागा, वहीत एकदा आणि कॉम्प्युटरवर एकदा, दुसरी म्हणजे बाण उलटा फिरतो ती जागा, म्हणजे काम अपुरं म्हणून परत पाठवलं जातं. परत का पाठवलं जातं ते विचारा, बहुतेक वेळा पुढच्याला काय हवंय ते आधीच्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

रेसी चार्ट म्हणजे काय आणि तो लायब्ररीत कसा वापरायचा?

रेसी म्हणजे रिस्पॉन्सिबल, अकाउंटेबल, कन्सल्टेड, इन्फॉर्म्ड. डावीकडे टप्पे लिहायचे, वर भूमिका लिहायच्या आणि प्रत्येक चौकटीत या चारपैकी काय लागू आहे ते भरायचं. मराठीत मी ते असं सांगते, करणारा कोण, उत्तर देणारा कोण, विचारायचं कुणाला आणि कळवायचं कुणाला.

पाळायचे नियम दोनच. प्रत्येक टप्प्याला उत्तर देणारा एकच असला पाहिजे, दोघं लिहिलेत की दोघंही समजतात दुसरा बघतोय. आणि करणारा कुणीतरी असलाच पाहिजे, ओळ रिकामी राहिली तर तो टप्पा होतच नाहीये असं समजा.

विचारायचं कुणाला हा रकाना भरताना हात आखडता घ्या. पुस्तकं बाद करताना विषयाच्या जाणकाराला विचारायलाच हवं, ते बरोबर आहे, पण लेबलचा आकार बदलायला पाच जणांना विचारायची गरज नाही. उलट कळवायचं कुणाला हा रकाना मात्र मोकळ्या हाताने भरा. काउंटरवरच्या लोकांना सगळ्यात शेवटी कळतं आणि वाचकांपुढे तेच उभे असतात, उशिराचा दंड बदलला, वेळ बदलली, एखादा डेटाबेस बंद झाला, हे त्यांना वाचकाच्या आधी समजलंच पाहिजे. या गोष्टीबद्दल मला फार तळमळीने वाटतं कारण कमीपणा त्यांना सोसावा लागतो.

करणारा आणि उत्तर देणारा यात नेहमी गोंधळ होतो, फरक काय?

साठा पडताळणी घ्या. स्कॅनर घेऊन रॅकमधून फिरणारे चार जण करणारे आहेत. पडताळणी वेळेत झाली का, न सापडलेल्या पुस्तकांची यादी बनली का, त्या यादीचं पुढे काय झालं, याचं उत्तर देणारी व्यक्ती एक, समजा सहायक ग्रंथपाल. ती स्वतः एकही पुस्तक स्कॅन करणार नाही कदाचित, पण यादी कपाटात पडून राहिली तर ते तिच्यावर येतं. छोट्या कामात दोन्ही एकच असू शकतात, त्यात काही चूक नाही.

फक्त एक जपा, ज्याच्यावर जबाबदारी टाकताय त्याला तेवढा अधिकारही द्या. बांधणीला कुठली पुस्तकं पाठवायची याची जबाबदारी दिली पण प्रत्येक वेळी सही वरून आणायची, असं असेल तर तो माणूस कशाचं उत्तर देणार?

चार्टमध्ये माणसांची नावं लिहायची की पदं?

दोन्हीही नको, भूमिका लिहा. भूमिका म्हणजे "मागणी तपासणारा", "नोंद तपासणारा", "ई-रिसोर्स तक्रारी बघणारा". एका माणसाकडे तीन भूमिका असू शकतात, एक भूमिका आळीपाळीने दोघांकडे जाऊ शकते. आज कुठली भूमिका कुणाकडे आहे याची वेगळी एक पानाची यादी ठेवा, बदली झाली, कुणी रजेवर गेलं की फक्त ते पान बदलायचं, नकाशा तसाच राहतो.

पैशांच्या कामात काही वेगळी काळजी घ्यायची का?

हो. ऑर्डर देणारा, माल तपासून घेणारा आणि बिल मंजूर करणारा या तीन भूमिका एकाच व्यक्तीकडे ठेवू नका. दंडाची रक्कम घेणारा आणि दिवसाअखेर हिशोब जुळवणारा हेही वेगळे असावेत. हा अविश्वास नाही, उद्या काही प्रश्न आला तर प्रामाणिक माणसाला आपली बाजू दाखवता येते.

ई-रिसोर्सेसचं काम कुणाचंच नसतं किंवा सगळ्यांचं असतं, ते कसं बसवायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो. छापील पुस्तक एकदा शेल्फवर गेलं की बऱ्यापैकी शांत होतं, पण डेटाबेस किंवा ई-जर्नलचं काम गोल फिरतं, ट्रायल, लायसन्स, पैसे, चालू करणं, तक्रारी, वापराचे आकडे, नूतनीकरण, आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्याचा नकाशा सरळ रेषेत काढू नका, वर्तुळात काढा आणि त्यावर महिने लिहा.

यातल्या तीन जागा बारकाईने बघा. पहिली म्हणजे नूतनीकरणाची तारीख. लायसन्समध्ये बऱ्याचदा बंद करायचं असेल तर आधी इतके दिवस कळवा अशी अट असते, आणि ती मुदत चुकली तर नको असलेलं पॅकेज आणखी वर्षभर गळ्यात पडतं. लायसन्स ज्याने वाचलं आणि पैसे जो भरतो ते वेगळे विभाग असतात, अट एकाला माहीत आणि तारीख दुसऱ्याला. ही तारीख कॅलेंडरवर टाकण्याची जबाबदारी स्पष्टपणे एका भूमिकेला द्या.

दुसरी म्हणजे नेटवर्क विभाग. बऱ्याच डेटाबेसचा प्रवेश आयपी पत्त्यांवरून ठरतो, संस्थेचे आयपी बदलले आणि पुरवठादारांना कळवलं नाही की सगळं एका दिवसात बंद पडतं, आणि लायब्ररीला ते वाचकांकडून कळतं. नेटवर्कवाल्यांचं काम व्यवस्थित झालेलं असतं, त्यांना फक्त हे माहीत नसतं की लायब्ररीला कळवायचंय. तेव्हा त्यांच्या पट्ट्यातून तुमच्या पट्ट्यात एक बाण काढा आणि त्यांच्याबरोबर बसून काढा. प्रॉक्सीचंही (घरून डेटाबेस उघडायची सोय देणारा सर्व्हर) तसंच, सर्टिफिकेट संपायची तारीख कुणाकडे आहे ते लिहून ठेवा.

तिसरी म्हणजे "उघडत नाही" ही तक्रार. ती काउंटरवर येते, ईमेलवर येते, कुणी थेट ग्रंथपालांना फोन करतं. तक्रार घेताना काय विचारायचं ते ठरवा, कुठलं जर्नल, कुठलं वर्ष, संस्थेतून की घरून, स्क्रीनवर काय संदेश आला. एवढी माहिती पहिल्यालाच मिळाली तर पुढचा माणूस अडचण प्रॉक्सीची आहे, लिंक रिझॉल्व्हरची (लेखाच्या नोंदीवरून मूळ मजकुरापर्यंत नेणारी सोय) आहे की मुळात ते वर्ष आपल्या वर्गणीतच नाही हे लवकर ओळखतो. नाहीतर दोन दिवस नुसती पत्रापत्री होते.

वापराचे आकडे काउंटर (COUNTER) नावाच्या, ई-रिसोर्सचा वापर मोजायच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या रिपोर्टमधून काढता येतात, २०१९ पासून त्याची पाचवी आवृत्ती लागू झाली त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नका. आणि हे रिपोर्ट नूतनीकरणाच्या निर्णयाआधी टेबलावर आले पाहिजेत, निर्णय झाल्यावर काढून काय उपयोग.

नियतकालिकांचं काय?

अंक आला नाही हे कुणाच्या लक्षात येणार, हा एकच प्रश्न नीट सोडवा. आलेल्या अंकाची नोंद सगळेच करतात, न आलेल्या अंकाचा पाठपुरावा उशिरा केला तर तो परत मिळत नाही.

सॉफ्टवेअरमधल्या परवानग्यांचा या वाटणीशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. कोहामध्ये किंवा इतर चांगल्या सिस्टिममध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगवेगळी परवानगी देता येते, नोंद बदलणं, दंड माफ करणं, सभासदाची माहिती बघणं वगैरे. पण प्रत्यक्षात सोयीसाठी एकच लॉगिन चार जण वापरतात आणि त्याला सगळे अधिकार असतात. मग नोंद कुणी पुसली ते कधीच कळत नाही. चार्ट तयार झाला की परवानग्या त्याप्रमाणे लावा, प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन, आणि कुणी काय वाचतं ही माहिती ज्याला कामासाठी लागते त्यालाच दिसू द्या. वाचकाचं वाचन ही त्याची खाजगी गोष्ट आहे.

मी एकटीच लायब्ररी चालवते, मला याचा काय उपयोग?

तुम्हाला तर जास्त, कारण तुमच्या लायब्ररीत सगळे सांधे तुमच्या डोक्यातच आहेत. भूमिका लिहा, सगळ्यांपुढे तुमचंच नाव येईल, येऊ द्या. ती यादी वरिष्ठांपुढे ठेवली की एका माणसाकडे किती कामं आहेत ते त्यांना पहिल्यांदाच एकत्र दिसतं, मनुष्यबळ मागताना याहून चांगला पुरावा नाही. नंतर तीन ढीग करा, फक्त मीच करू शकते, शिकवलं तर दुसरं कुणी करेल, आणि बंद केलं तरी कुणाला कळणार नाही. तिसरा ढीग आधी संपवा. पैशांच्या पडताळणीला मात्र बाहेरचं कुणीतरी घ्याच, संस्थेतल्या दुसऱ्या विभागातलं असलं तरी चालेल.

जुने कर्मचारी म्हणतात आम्हाला आमचं काम शिकवू नका, त्यांना कसं तयार करायचं?

आधी त्यांचं ऐका. अनेकदा त्यांना भीती असते की हे लिहून घेतलं की आमची गरज संपली, किंवा कामचुकार ठरवायला चाललंय. दोन्ही भीत्या खऱ्या असू शकतात, त्यामुळे नकाशाचा वापर कुणाच्या मूल्यमापनासाठी होणार नाही असं ग्रंथपालांनी सांगावं आणि पाळावं. त्यांना ज्ञान द्यायला बोलवा, तपासायला नको. ज्या आजोबांच्या वयाच्या अटेंडंटना पुस्तकाचा रंग सांगितला तरी रॅक आठवतो त्यांच्याकडून शेल्फिंगचा नकाशा काढून घेतला तर तो नंतरच्या सगळ्यांना पुरतो. आणि बैठकीत त्यांनी दाखवलेली एक तरी अडचण लगेच सोडवा, मग ती नवीन ट्रॉली का असेना.

काम समान वाटलं गेलंय का हे कसं बघायचं?

टप्पे मोजून नाही कळणार. काही कामं कुठेच दिसत नाहीत, चिडलेल्या वाचकाला शांत करणं, प्रिंटरमध्ये कागद भरणं, नवीन माणसाला सिस्टिम दाखवणं, चुकीच्या जागी ठेवलेली पुस्तकं रोज थोडी थोडी नीट करत राहणं. ही सगळी चार्टमध्ये लिहा. लिहिली की बऱ्याचदा दिसतं ती एकाच व्यक्तीच्या वाट्याला आलीयत, सगळ्यात नवीन किंवा सगळ्यात मवाळ असेल तिच्या. वाटणी तिथून दुरुस्त करायची.

स्वयंसेवक किंवा तात्पुरत्या मदतनीसांना भूमिका द्यायची का?

करणारा म्हणून द्या, उत्तर देणारा म्हणून नको. आणि त्यांनी कुणाला विचारायचं ती एक व्यक्ती पक्की सांगा.

कुणी अचानक सोडून गेलं तर?

प्रत्येक भूमिकेपुढे दुसरं नाव आधीच असू द्या, आणि त्या दुसऱ्या व्यक्तीने ते काम वर्षातून काही वेळा प्रत्यक्ष केलेलं असावं, नुसतं नाव लिहून भागत नाही. पुरवठादारांशी पत्रव्यवहार कुणाच्या वैयक्तिक ईमेलवरून न करता विभागाच्या ईमेलवरून करा, नाहीतर माणूस जातो आणि पासवर्ड, कोटेशन, नूतनीकरणाच्या सूचना सगळं त्याच्याबरोबर जातं.

नकाशा किती दिवसांनी बदलायचा आणि ठेवायचा कुठे?

वर्षातून एकदा तर बघाच, पण सॉफ्टवेअर बदललं, विभाग एकत्र झाले, नवीन सेवा सुरू केली किंवा तीच तक्रार दुसऱ्यांदा आली की लगेच काढा. चित्रावर तारीख आणि शेवटचा बदल कुणी केला ते लिहा, जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. एक प्रत सगळ्यांना उघडता येईल अशा शेअर्ड फोल्डरमध्ये आणि एक छापून काम जिथे चालतं तिथे, म्हणजे पार्सल उघडायच्या टेबलाजवळ खरेदीचा नकाशा, काउंटरच्या आतल्या बाजूला देवघेवीचा. खाली पेन बांधून ठेवा, ज्याला चूक दिसेल त्याने तिथेच लिहायचं.